एकाच बाखची शंभर रेकॉर्डिंग्ज, त्यातलं ऐकायचं कुठलं?

पत्र लांब होतं, मुद्द्याचं तेवढं ठेवलंय:

"ताई, वय ४१, ठाण्यात राहतो, अकाउंट्समध्ये आहे. घरात लहानपणापासून भीमसेनजी आणि किशोरीताई, वेस्टर्न क्लासिकलशी संबंध शून्य. मध्यंतरी एका रीलच्या मागे चेलो वाजत होता, शोधल्यावर कळलं की तो बाख या जर्मन संगीतकाराच्या पहिल्या चेलो स्वीटचा (म्हणजे छोट्या भागांच्या मालिकेचा) प्रेल्यूड, सुरुवातीचा भाग. तेव्हापासून वेड लागलंय, रोज लोकलमध्ये तेच. पण एकाच तुकड्याची इतकी रेकॉर्डिंग्ज आहेत की खरं कुठलं तेच कळत नाही. मेहुणा म्हणतो कासाल्स सोडून बाकी सगळं फालतू, आणि मी कासाल्स लावला तर नुसती खरखर. दुसरं, बायको म्हणते हे रडकं आहे, घरात लावू नकोस. तिसरं, ऑफिसातल्या मित्राला मी उत्साहात लिंका पाठवत सुटलो तर त्याने मला म्यूट केलंय. ता.क. या वयात चेलो शिकता येतो का? – चेलोवेडा, ठाणे"

चेलोवेडे भाऊ, सगळ्यात आधी मेहुण्याचं बघू, कारण असा एक मेहुणा प्रत्येक छंदात असतो आणि वैताग म्हणजे तो अर्धा बरोबर असतो. पाब्लो कासाल्स या स्पॅनिश चेलोवादकाला वगळून या स्वीट्सबद्दल बोलताच येत नाही हे खरंय. तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनात जुन्या नोटेशन्सच्या दुकानात त्याला या सहा स्वीट्सची छापील प्रत सापडली, तोपर्यंत लोक याला रियाजाचे धडे समजायचे, मैफलीत अख्खा स्वीट वाजवायचं फारसं कोणाच्या मनात यायचं नाही. त्याने वर्षानुवर्षं त्यावर मेहनत केली आणि रेकॉर्डिंग केलं ते थेट १९३६ ते १९३९ मध्ये, थोडं लंडनला, थोडं पॅरिसला, वय साठीच्या आसपास, आणि तिकडे त्याच्या स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं. म्हणजे इतिहास म्हणून मेहुण्याला पूर्ण मार्क. पण नव्या माणसाच्या हातात पहिल्यांदा तेच ठेवायचं म्हणजे जरा अन्यायच आहे, कारण ते ७८च्या तबकड्यांच्या काळातलं ध्वनिमुद्रण आहे, खरखर असणारच, आणि खरखरीच्या पलीकडचं ऐकायला कानाला आधी तो तुकडा ओळखीचा व्हावा लागतो. तेव्हा कासाल्स ऐका, पण तिसऱ्या नंबरवर. पहिला-दुसरा कोण ते सांगते.

त्याआधी "खरं कुठलं" या प्रश्नाचं. खरं असं काही नाहीये हो, आणि हे मी तत्त्वज्ञान झाडायला म्हणत नाहीये, त्याला साधं कारण आहे. बाखने हे स्वीट्स साधारण १७२० च्या सुमाराला लिहिले पण त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज कुठेच नाही, बायकोने म्हणजे आना माग्दालेनाने उतरवलेली प्रत आहे, अजून दोन-तीन जुन्या नकला आहेत, आणि त्या एकमेकींशी सगळीकडे जुळत नाहीत. एका बोच्या (म्हणजे गजाच्या) ओढीत किती स्वर घ्यायचे, कुठे बो उलटा फिरवायचा, हे नीट कळत नाही. जोरात-हळू याच्या खुणा जवळजवळ नाहीतच. लय किती तेही नाही. म्हणजे स्वर ठरलेले, बाकी सगळं वाजवणाऱ्याच्या डोक्यावर. तुमच्यासारख्या भीमसेनजी-किशोरीताई ऐकणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल की बंदिश एकच आणि गाणारे वेगळे, त्यात खरी बंदिश कोणाची असं आपण विचारतो का? फक्त इथे एक फरक ध्यानात ठेवा, इथे कोणी आयत्या वेळी नवी तान घेणार नाहीये, स्वर तेच राहणार, बदलणार ते वजन, श्वास, वेग आणि दोन स्वरांमधली जागा. त्यामुळे फरक बारीक असतात आणि सुरुवातीला सगळं सारखंच वाटतं, ते वाटू द्या.

आता काम. पूर्ण अल्बम लावायचा नाही. सहा स्वीट्स, प्रत्येकात सहा भाग, सगळं मिळून दोन तासांच्या वर जातं, लोकलमध्ये ते मागे चालू ठेवलं की त्याचा पंखा होतो, आवाज येत राहतो आणि आपण ऐकत नाही. फक्त तो तुमचा पहिल्या स्वीटचा प्रेल्यूड घ्या, अडीच मिनिटांच्या आसपासचा, आणि तीन माणसांकडून ऐका.

पहिला पिएर फूर्निए, आर्काइव्ह लेबलवरचं १९६० चं रेकॉर्डिंग. हा फ्रेंच माणूस, लहानपणी पियानो शिकत होता, पोलिओ झाला, पायाने पियानोचं पेडल चालवणं जमेना म्हणून चेलोकडे वळला. आवाज गोल, भरलेला, कुठेही धावपळ नाही, सगळं कसं इस्त्री केलेलं. सुरुवातीला हाच का, तर तुकड्याचा नकाशा इथे स्वच्छ दिसतो, कुठून निघालो, कुठे वर चढलो, शेवटच्या चढावर तो एकच स्वर धरून त्याभोवती बाकीचे कसे वळवळतात ते. एक सांगते, चेलो इथे एकटा आहे, मागे काहीही नाही, तरी दोन-तीन जण वाजवतायत असं वाटतं ना? खालचा एक स्वर वाजून गेला की कान तो धरून ठेवतो आणि वरची ओळ पुढे जाते, बाखची सगळी करामत त्यात आहे, आणि फूर्निएकडे ती सगळ्यात सहज पकडता येते.

दुसरा आन्नर बिल्स्मा, डच, त्याचं १९७९ चं. (त्याने १९९२ मध्ये परत केलंय, तेही सुंदर आहे, पण आत्ता १९७९ चंच.) इथे चेलोच वेगळा, बाखच्या काळातल्या पद्धतीचा, तारा आतड्याच्या. आवाज लहान, थोडा खरबरीत, कोरडा. आणि तो गात नाही, बोलतो. छोटे छोटे तुकडे, मधे थांबणं, एखादा शब्द गिळणं. फूर्निएनंतर लगेच लावलं तर पहिल्यांदा वाटेल की अरे हा काय प्रॅक्टिस करतोय का, पण दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऐकताना एकदम कळतं की हे मुळात नाचाच्या चालींचे स्वीट्स आहेत, साराबांद, मिन्युएट, जीग ही नाचांचीच नावं, आणि फूर्निएकडे नाच नव्हताच! मला स्वतःला आज विचाराल तर मी बिल्स्माकडे झुकते. उद्याचं माहीत नाही.

आणि मग कासाल्स. आता खरखर बाजूला सरकते, कारण तुमच्या कानात तुकडा बसलाय. त्याचा बो कसा ढकलतो बघा, प्रत्येक चढ जणू पहिल्यांदाच चढतोय, काही ठिकाणी तर उगाच घाई वाटते, पण कंटाळा नावालाही नाही. इथे मेहुण्याला फोन करून सांगा की तू म्हणालास ते पटलं, अर्धं.

हे झाल्यावर एकच अजून, पाचव्या स्वीटमधला साराबांद. यात एकही कॉर्ड नाही, म्हणजे एका वेळी एकाहून जास्त स्वर कुठेच नाही, नुसती एकेरी ओळ, आणि ती इतकी उघडी की मोठेमोठे वाजवणारे इथे पकडले जातात. आलापाची सवय असलेल्या कानाला हा भाग लवकर भिडतो असा माझा अंदाज आहे. त्याच तिघांकडून ऐका. इथे तुमची पसंती बदलली तर बदलू द्या, पहिल्या स्वीटला एक आणि पाचव्याला दुसरा आवडणं यात काहीही गैर नाही.

एक तांत्रिक गोष्ट, पण महत्त्वाची. चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ६५ हर्ट्झवर असते आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला तेवढं खाली जाताच येत नाही, तो वरचे अंश ऐकवतो आणि पाया गायब. लोकलमध्ये तर गाडीची घरघर नेमकी त्याच पट्ट्यात, त्यामुळे साधा इअरफोन असेल तर अर्धा चेलो डोंबिवली फास्टने खाल्लाच म्हणून समजा. शिवाय क्लासिकलमध्ये आवाज मुद्दाम एकदम बारीक होतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, मग एकदम जोरात येतं आणि कान बसतात. प्रवासात ऐकायचंच असेल तर कान झाकणारा बंद हेडफोन घ्या, नाहीतर नुसती ओळख म्हणून ऐका आणि निवाडा घरी, रात्री, साध्या दोन स्पीकर्सवर करा. हजारोंचं सामान घ्यायला सांगत नाहीये.

आणि सर्च करताना फक्त "बाख चेलो" टाकू नका, त्याने तुम्हाला झोपेच्या प्लेलिस्ट आणि पावसाचा आवाज घातलेले व्हिडिओ मिळतील. वादकाचं नाव टाका, जमलं तर सोबत वर्ष टाका. एकाच माणसाची दोन-तीन रेकॉर्डिंग्ज असतात, यो-यो मा यांनी तर हे सहाही स्वीट्स तीनदा केलेत, १९८३ मध्ये, मग नव्वदच्या दशकात, मग २०१८ मध्ये, आणि अल्बमच्या चित्रावरून कुठलं कुठलं ते नेहमी कळत नाही. एकाच माणसाचं तरुणपण आणि साठी लागोपाठ ऐकायची असेल तर हे मस्त आहे.

आता बाखच्या बाहेर कसं पडायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की याद्यांच्या मागे लागू नका, "जगातली सर्वोत्तम पन्नास" वगैरे अजिबात उघडू नका, ज्या माणसाचा हात आवडला त्याचं बोट धरा, तो तुम्हाला पुढच्या संगीतकाराच्या घरी आपणहून नेतो. फूर्निए आवडला? मग त्याने पियानोवादक फ्रीडरिश गुल्डाबरोबर १९५९ मध्ये केलेले बेटोव्हनचे चेलो-पियानो सोनाटा ऐका, पाच आहेत, तिसऱ्यापासून सुरू करा, सुरुवातीला चेलो एकटाच येतो आणि मग पियानो त्याचं वाक्य पूर्ण करतो. कासाल्सचा तो धक्का देणारा बो आवडला? मग त्यानेच वाजवलेला ड्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे, सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा), प्राग, १९३७, चेक फिलहार्मोनिक, कंडक्टर जॉर्ज सेल.

ड्वोर्झाकपाशी जरा थांबते कारण हा कॉन्चेर्टो तुम्हाला कधी ना कधी धरणारच आहे. त्याने तो न्यूयॉर्कमध्ये नोकरीला असताना लिहिला, १८९४-९५. तिकडे असताना मेहुणी योझेफिना आजारी असल्याचं कळलं, तरुणपणी तिच्यावर त्याचं प्रेम होतं आणि लग्न मात्र तिच्या धाकट्या बहिणीशी झालं. तर तिच्या आवडीचं त्याचंच एक गाणं त्याने दुसऱ्या भागात गुंफलं. परत मायदेशी आल्यावर ती गेली, मे १८९५, आणि त्याने तयार झालेला शेवट उघडून पुन्हा लिहिला, सगळं धडाक्यात संपणार असं वाटत असताना संगीत एकदम मागे वळून बघतं, तेच गाणं क्षणभर येतं आणि मग संपतं. ही गोष्ट माहीत असो नसो, तिथे घशात काहीतरी अडकतंच.

यासाठी मस्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच. नेहमीचं नाव म्हणजे कंडक्टर करायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं १९६८ चं, भव्य, चकचकीत, आवाज उत्तम, त्यातच चायकोव्हस्कीची रोकोको व्हेरिएशन्सपण आहेत. पहिल्यांदा हेच ऐका. पण त्याच वर्षीचं दुसरं एक आहे, २१ ऑगस्ट १९६८, लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉल. त्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले होते आणि संध्याकाळी स्टेजवर सोव्हिएत ऑर्केस्ट्रा, सोव्हिएत चेलिस्ट आणि कार्यक्रमात चेक संगीतकाराचा कॉन्चेर्टो, हा कार्यक्रम काही त्या दिवसासाठी ठरवलेला नव्हता, तो आधीच छापलेला होता. हॉलमध्ये निषेधाच्या आरोळ्या झाल्या. रोस्त्रोपोविच रडत वाजवत होता असं तिथे असलेले लोक सांगतात. बीबीसीचं रेकॉर्डिंग आहे, स्वच्छ नाही, काही ठिकाणी लय सुटल्यासारखी वाटते, "सर्वोत्तम"च्या यादीत बसणार नाही, आणि मला करायानवाल्यापेक्षा शंभरदा जास्त प्रिय आहे. याच रोस्त्रोपोविचने बाखचे सहाही स्वीट्स मात्र साठी उलटल्यावर केले, १९९१ मध्ये, फ्रान्समधल्या व्हेझलेच्या जुन्या चर्चमध्ये. लोक वेडे होतात त्यावर. मला ते घुमणं जरा जास्त होतं, पण ऐकून बघा, माझं कशाला ऐकताय.

दुसरं नाव अर्थात जॅकलिन द्यु प्रे आणि एल्गारचा कॉन्चेर्टो, १९६५, लंडन सिम्फनी, जॉन बार्बिरोली. हा कॉन्चेर्टो १९१९ मध्ये पहिल्यांदा वाजला तेव्हा तालमीला वेळच पुरला नव्हता आणि बोजवारा उडाला होता, त्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या चेलोंमध्ये एक कोवळा पोरगा बसला होता तो हा बार्बिरोली. शेहेचाळीस वर्षांनी तो कंडक्टर आणि समोर वीस वर्षांची मुलगी. पहिल्या चार कॉर्ड्समध्येच ती तुम्हाला कॉलर धरून बसवते. फक्त एक विनंती, हे ऐकताना तिची शोकांतिका आधी वाचू नका. तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं निदान १९७३ मध्ये झालं, १९८७ मध्ये गेली, बेचाळीसाव्या वर्षी, सगळं भयंकर आहे, पण १९६५ मध्ये ती धडधाकट, हसरी, ताकदीची वादक होती आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते आजारपण नाही, बेफाम ताकद आहे. लोक पुढचं मागे ऐकतात.

काही महिन्यांनी कान तयार झाला की यानोश श्टार्करकडे जा, हंगेरीचा, कोदायचा एकट्या चेलोसाठीचा सोनाटा, १९१५ ची रचना. खालच्या दोन तारा अर्धा स्वर उतरवून वाजवतात त्यामुळे चेलोचा रंगच बदलतो, मधेच गावातल्या वाद्यांचा ताफा आल्यासारखं वाटतं. त्याचं १९५० चं रेकॉर्डिंग बघा. आत्ता नको, आत्ता ऐकलात तर बायकोचं म्हणणं तुम्हालाच पटेल.

आता बायको. वहिनींचं चुकत नाहीये हो. ॲपला कळलं की तुम्ही चेलो ऐकता, की ते एकामागोमाग एक मंद, अंधारे तुकडेच देतं, कारण "सॅड चेलो" हेच लोक जास्त शोधतात, आणि दिवसभर घरात तेच वाजलं तर कोणीही म्हणेल की कोणी गेलंय का. त्यांना हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो ऐकवा, त्यातला शेवटचा भाग. ही रचना जवळजवळ दोनशे वर्षं हरवलेली होती, १९६१ मध्ये प्रागच्या संग्रहालयात सापडली, आणि इतकी खुशीत पळते की भाजी चिरता चिरता हात वेगाने चालतो. रोस्त्रोपोविच आणि बेंजामिन ब्रिटनचं १९६४ चं घ्या. दुसरं, गाण्याची आवड असेल तर व्हिला-लोबोसची बाकियानास ब्राझिलेइरास नंबर पाच, आठ चेलो आणि वर एक स्त्रीचा आवाज, सुरुवातीला शब्दच नाहीत, नुसता आकार म्हणा ना. व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस गायलीये आणि कंडक्ट स्वतः व्हिला-लोबोसने केलंय. हे लावून काही बोलू नका, "बघ किती छान" तर मुळीच नाही. आणि तरीही आवडलं नाही तर हेडफोन आहेच, संसारात सगळंच कॉमन असलं पाहिजे असं कुठे लिहिलंय.

मित्राचं म्यूट करणं मला पूर्ण मान्य आहे. लिंकांचा ढीग म्हणजे शिफारस नव्हे, तो गृहपाठ झाला. एका वेळी एक तुकडा, पाच मिनिटांच्या आतला, सोबत एकच वाक्य आणि तेसुद्धा त्याच्या जगातलं. तो आरडीचा फॅन आहे असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, मग सोपंच आहे की! आरडीच्या बासू-मनोहारी या सहायकांच्या जोडीतले बासुदेव चक्रवर्ती हे मुळात चेलोवादक. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन-चेलोच्या रांगा भरल्या त्यात गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेली माणसं कितीतरी. म्हणजे तुमचा मित्र आयुष्यभर चेलो ऐकतच आलाय, फक्त नाव माहीत नव्हतं. त्याला त्याच्याच आवडीचं गाणं पाठवा आणि लिहा "व्हायोलिनच्या खाली काय चाललंय ते ऐक", बस. त्याचं उत्तर आलं तर पुढे शोस्ताकोविचचा पहिला चेलो कॉन्चेर्टो, फक्त पहिला भाग, रोस्त्रोपोविच आणि कंडक्टर ऑर्मंडी, १९५९, चार स्वरांचा एक तुकडा हट्टाने परत परत येतो, रिफ आवडणाऱ्याला तो आवडतो. उत्तर नाही आलं तर विषय बंद, पुन्हा लिंक नाही, चहा प्या.

आणि एकदा तिघंही जाऊन प्रत्यक्ष ऐका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, त्यांच्या सीझनचं वेळापत्रक बघून चेलो सोलो असलेला कार्यक्रम धरा. चेलोची खालची खुंटी जमिनीवर टेकलेली असते, तो आवाज हॉलच्या लाकडातून येतो, ते कुठल्याही हेडफोनमध्ये नाही.

ता.क.चं उत्तर, हो येतो, पण वाद्य आधी घेऊ नका, शिक्षक आधी शोधा. चेलोला पडदे नसतात, स्वर कानानेच शोधायचा, त्यात तुमचं लहानपणापासूनचं ऐकणं कामाला येईल, मात्र उजव्या हाताचा बो पहिलं वर्ष रडवतो. मुंबईत शिकवणारे आहेत, वाद्य भाड्याने मिळतंय का ते त्यांनाच विचारा. आणि खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.